फ्रँक आणि मार्क : हुंडणावळीचे अर्धशतक

पश्चिम जर्मनीचा डॉइच मार्क आणि फ्रान्सचा फ्रँक ही दोन्ही चलने आज अस्तित्वात नाहीत. १ जानेवारी १९९९ रोजी ती युरोमध्ये विलीन झाली आणि २००२ च्या प्रारंभी त्यांच्या नोटा व नाणी व्यवहारातून गेली. जी चलने उरलीच नाहीत त्यांच्या परस्पर हुंडणावळीचा इतिहास उगाळण्यात काय हशील, असे कोणी विचारील. परंतु चलनाच्या किमतीविषयी सुशिक्षितांच्या मनात जो एक दृढ समज घर करून बसला आहे, तो तपासण्यासाठी या दोन चलनांइतके उत्तम उदाहरण प्रस्तुत लेखकाला दुसरे आढळलेले नाही.

आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवताना मी फळ्यावर दोन आकडे लिहितो. सप्टेंबर १९४९ मध्ये एका मार्कला सुमारे ८३ फ्रँक पडत. पुढे १९६० मध्ये फ्रान्सने शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक केला. त्या मापाने हा दर ०.८३ होतो. जानेवारी १९८७ मध्ये तोच मार्क ३.३५ नव्या फ्रँकांना झाला. सदतीस वर्षांत मार्क चौपट महागला. यावरून काय अनुमान निघते, असे विचारले की वर्गातून एकमुखाने उत्तर येते: जर्मनी पुढे गेला, फ्रान्स मागे पडला. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही हेच सांगतात आणि, खोटे कशाला बोला, शिक्षकांच्या खोलीतही हेच ऐकू येते.

हे उत्तर चुकीचे आहे. महायुद्धानंतरच्या तीस वर्षांना फ्रेंच लोक ‘गौरवशाली तीस वर्षे’ म्हणतात, आणि ती त्यांची पोकळ बढाई नव्हे. शेतीप्रधान फ्रान्स याच काळात औद्योगिक राष्ट्र झाला. रेल्वे, वीजनिर्मिती, विमाने, मोटारी या सर्वच क्षेत्रांत त्याने आघाडी मिळवली. फ्रँकचे अवमूल्यन १९५७-५८ मध्ये झाले, १९६९ मध्ये झाले, आणि या दोहोंच्या मागेपुढे फ्रेंच उत्पादन वाढतच होते. तेव्हा चलनाची घसरण म्हणजे राष्ट्राची घसरण, हे समीकरण निदान येथे तरी जुळत नाही. मग त्या चौपटीतून दिसते काय? एकाच उत्पन्नावर हक्क सांगणाऱ्या निरनिराळ्या वर्गांतील भांडण दोन देशांनी कोणत्या रीतीने मिटवले, याची ती नोंद आहे, असे माझे मत आहे.

थोडे मागे जाऊ. १८७१ च्या फ्रँकफुर्टच्या तहाने पराभूत फ्रान्सवर ५ अब्ज फ्रँकांची खंडणी लादली गेली. तिचा भरणा १८७३ मध्ये पुरा झाला, आणि या द्रव्याच्या आधारावर नव्या जर्मन साम्राज्याने सुवर्ण परिमाण स्वीकारून मार्क हे नाणे प्रस्थापित केले. म्हणजे मार्कच्या जन्माचा खर्च एका अर्थाने फ्रँकनेच उचलला! दोहोंतील सोन्याच्या वजनावरून एका मार्कला १.२३४६ फ्रँक हा दर ठरला आणि १९१४ पर्यंत तो टिकला. त्यानंतरचा विध्वंस सर्वश्रुत आहे. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लक्ष कोटी मार्क मोजावे लागले. फ्रँकची गत इतकी वाईट झाली नाही, तरी १९२८ मध्ये प्वाँकारे यांनी तो स्थिर केला तेव्हा त्यात युद्धपूर्व सोन्याचा केवळ पाचवा हिस्सा उरला होता. गंमत अशी की या सर्व उलथापालथीनंतर, मार्कची बारा शून्ये एकदा आणि आणखी एक शून्य दुसऱ्यांदा पुसल्यावर आणि फ्रँकची दोन शून्ये पुसल्यावर, मार्च १९६१ मध्ये जो दर निघाला तो होता १.२३४३. सुवर्णयुगातील दराशी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो. हा निव्वळ योगायोग. त्यात गूढ अर्थ शोधण्याचे कारण नाही. पण आकड्यांच्या अभ्यासात असे योगायोग भेटले की मनाला थोडा विरंगुळा मिळतो.

१९२३ ची स्मृती जर्मनांच्या हाडीमाशी खिळली. जून १९४८ च्या चलनसुधारणेत माणशी ४० मार्कांचे पहिले वाटप झाले आणि लोकांची जुन्या चलनातील बचत जवळजवळ बुडाली. तीही आठवण ताजी होती. त्यामुळे १९५७ मध्ये बुंडेसबँक स्थापन झाली तेव्हा चलनाचे रक्षण हे तिचे कायदेशीर कर्तव्य ठरले आणि सरकारच्या आज्ञेपासून तिला स्वातंत्र्य मिळाले. जर्मन कामगार संघटना मोठ्या, एकसंध आणि कारखान्यांच्या कारभारात वाटा असलेल्या होत्या. वेतनवाढ उत्पादकतेच्या फार पुढे गेली तर मध्यवर्ती बँक व्याजदर चढवील, हे त्या जाणून होत्या. फ्रान्सची घडण वेगळी. तेथे संघटना अनेक, आपसांत विभागलेल्या आणि तुलनेने दुबळ्या, मालक ताठर, आणि दोघांच्या मध्ये सरकार. तंटा विकोपाला गेला की सरकारने वेतनवाढ मंजूर करावयाची, बँकांनी कर्जे द्यावयाची, किमती वाढू द्यावयाच्या आणि तीनचार वर्षांनी फ्रँकचे अवमूल्यन करून मोकळे व्हावयाचे, असा परिपाठ पडला.

त्यातील हिशेब साधा आहे. समजा फ्रान्समध्ये भाव वर्षाला १३ टक्क्यांनी वाढत आहेत आणि जर्मनीत ५ टक्क्यांनी. दर तोच राहिला तर तीन वर्षांत फ्रेंच मोटार जर्मन मोटारीच्या मानाने चतुर्थांशाने महाग होईल. निर्यात आटेल, आयात फुगेल, गंगाजळी ओसरेल. अशा वेळी फ्रँक तेवढ्याच प्रमाणात खाली आणला की किमतींचे जुने नाते पुन्हा जुळते. कामगाराला फ्रँकमध्ये मिळालेली वाढ कायम राहते, मात्र त्या फ्रँकने पेट्रोल, कॉफी, जर्मन यंत्रे पूर्वीपेक्षा कमी येतात. कोणाचा पगार प्रत्यक्ष न कापता सर्वांचाच थोडा थोडा कापला जातो. यात फसवणूक आहे, हे मान्यच केले पाहिजे. बचत करणारा आणि निवृत्तिवेतनावर जगणारा यात अधिक भरडला जातो, हेही खरे. पण ही फसवणूक साऱ्या समाजावर पसरलेली असते, आणि तिच्यापायी कारखाना बंद पडत नाही.

१९६८ च्या मे महिन्यात हे सर्व उघड्यावर आले. विद्यार्थ्यांच्या उठावामागोमाग लक्षावधी कामगार संपावर गेले. सरकारने वाटाघाटी करून किमान वेतन ३५ टक्क्यांनी वाढवले आणि इतर वेतनांत सुमारे १० टक्क्यांची वाढ मान्य झाली. शरद ऋतू येईपर्यंत पैसा फ्रान्समधून जर्मनीत धावू लागला. नोव्हेंबरात दहा प्रमुख राष्ट्रांची बैठक बॉन येथे भरली. फ्रँक खाली येणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. मार्क वर न्यावा असा जर्मनीवर आग्रह होता. जर्मनीने नकार दिला आणि त्याऐवजी निर्यातीवर ४ टक्क्यांचा कर बसवून वेळ मारून नेली. इकडे जनरल द गॉल यांनी २३ नोव्हेंबर रोजी जाहीर केले की फ्रँकचा दर बदलणार नाही. साऱ्या जगाने आश्चर्य केले. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवण्याचा तो प्रयत्न होता. एप्रिल १९६९ मध्ये द गॉल पायउतार झाले आणि ऑगस्टात, सारा फ्रान्स सुटीवर असताना, त्यांचे उत्तराधिकारी पाँपिदू यांनी ११.१ टक्क्यांनी अवमूल्यन करून टाकले. जर्मनीत तर मार्कचे अधिमूल्यन करावे की नाही हाच सप्टेंबरच्या निवडणुकीतील एक प्रमुख वाद झाला. अधिमूल्यनाचे पुरस्कर्ते अर्थव्यवहारमंत्री शिलर यांचा पक्ष सत्तेवर आला आणि ब्रांट सरकारने ऑक्टोबरात मार्क ९.३ टक्क्यांनी वर नेला. दोन्ही बाजूंनी हलून दर १.५२ च्या आसपास स्थिरावला. जे काम बॉनमध्ये तीन दिवसांत एकत्र बसून होऊ शकले असते, त्याला अकरा महिने आणि एका राष्ट्राध्यक्षाचा राजीनामा लागला. द गॉल यांचे जाणे एका सार्वमतातील पराभवामुळे झाले, चलनामुळे नव्हे, एवढी पुस्ती येथे जोडली पाहिजे.

जर्मनीने मार्क वर नेण्यास एवढे आढेवेढे का घ्यावेत? निर्यातदारांचा विरोध हे एक कारण. दुसरे कारण शेतीचे, आणि ते पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. सामायिक बाजारपेठेत धान्य, लोणी, दूध यांचे हमीभाव एका सामायिक हिशेबी एककात ठरत. मार्क महागला की बव्हेरियातील शेतकऱ्याला मार्कमध्ये मिळणारा भाव आपोआप उतरे. फ्रँक स्वस्त झाला की फ्रेंच शेतकऱ्याचा भाव चढे आणि पॅरिसमधील ब्रेड महागे. दोन्ही सरकारांना हे नको होते. म्हणून १९६९ पासून शेतमालापुरते वेगळे ‘हिरवे’ दर निघाले आणि सरहद्दीवर मालाच्या प्रत्येक खेपेला भरपाईची रक्कम आकारण्याची किंवा देण्याची पद्धत सुरू झाली. एका बाजारपेठेत एकच भाव असावा यासाठी निघालेली योजना, आणि तिच्यापायी पुन्हा जकातनाक्यावर कारकून बसले! ही व्यवस्था १९९२ अखेरपर्यंत रेंगाळली.

सत्तरीच्या दशकावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, खनिज तेल महागले, युरोपीय चलने एकमेकांना बांधून ठेवण्यासाठी १९७२ मध्ये काढलेल्या योजनेतून फ्रान्स १९७४ मध्ये बाहेर पडला, १९७५ मध्ये परतला आणि १९७६ मध्ये पुन्हा बाहेर पडला. जिस्कार व श्मिट यांच्या पुढाकाराने मार्च १९७९ मध्ये नवी युरोपीय चलनव्यवस्था सुरू झाली तेव्हा एका मार्कला २.३१ फ्रँक हा मध्यदर ठरला. सव्वादोन टक्के वर किंवा खाली एवढीच हालचाल मुभेत होती.

या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती मित्तराँ यांच्या कारकिर्दीत. मे १९८१ मध्ये ते निवडून आले. किमान वेतनात १० टक्के वाढ, पाचवा आठवडा भरपगारी रजेचा, आठवड्याला ३९ तासांचे काम, साठाव्या वर्षी निवृत्ती, बँका व मोठे उद्योग यांचे राष्ट्रीयीकरण असा त्यांचा कार्यक्रम होता. सारे जग मंदीत व्याजदर चढवीत असताना फ्रान्सने एकट्याने खर्च वाढवला. फ्रेंच माणसाच्या खिशात पैसा आला, पण त्यातील बराचसा जर्मन मोटारी आणि जपानी व्हिडिओ यंत्रे यांवर गेला. ऑक्टोबर १९८१, जून १९८२ आणि मार्च १९८३ अशी अठरा महिन्यांच्या आत तीनदा दराची फेररचना झाली, मार्क २.३६ वरून ३.०७ फ्रँकांवर गेला. दुसऱ्या वेळी वेतने आणि किमती चार महिने गोठवण्यात आल्या आणि महागाईच्या निर्देशांकामागोमाग पगार वाढवण्याची रीत मोडण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे महागाई भत्त्याला हात लावण्याचे नुसते सूतोवाच झाले तरी कचेऱ्या ओस पडतात. फ्रान्समध्ये ते काम समाजवादी सरकारने केले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मार्च १९८३ मधील ते दहा दिवस फ्रान्सच्या आर्थिक इतिहासात निर्णायक ठरले. चलनव्यवस्थेतून बाहेर पडावे, फ्रँक मोकळा सोडावा आणि आयातीला भिंत घालावी, असा एका गटाचा राष्ट्राध्यक्षांना सल्ला होता. पंतप्रधान मोर्वा आणि अर्थमंत्री देलोर यांचे मत उलट होते. खजिना खात्याचे प्रमुख तेव्हा मिशेल कॅमडेसस होते. १९९१ मध्ये भारत नाणेनिधीच्या दारी गेला तेव्हा त्या संस्थेचे प्रमुख म्हणून जे आपल्या परिचयाचे झाले तेच हे. गंगाजळीत किती थोडे उरले आहे हे त्यांच्याकडून कळल्यावर बाहेर पडण्याच्या बाजूचे काही जण बिचकले, असे सांगतात. अखेर देलोर यांनी ब्रुसेल्समध्ये घासाघीस करून मार्क साडेपाच टक्के वर आणि फ्रँक केवळ अडीच टक्के खाली, अशी तडजोड मिळवली. एकूण फरक ८ टक्क्यांचा. त्यातील किती ‘जर्मनीची वाढ’ म्हणावयाची आणि किती ‘फ्रान्सची घट’, यावर मंत्री रात्ररात्र भांडले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा भेद शून्य मोलाचा आहे. राजकारणाच्या दृष्टीने सगळे मोल त्यातच होते.

मोबदल्यात काटकसरीचा कार्यक्रम आला. त्यातील एक कलम भारतीय वाचकांना ओळखीचे वाटेल. परदेशी जाणाऱ्या फ्रेंच प्रवाशाला वर्षाला २,००० फ्रँकांहून अधिक रक्कम नेण्यास बंदी झाली. एके काळी ८ डॉलर खिशात घालून विमानात बसलेल्या आपल्या लोकांना ही रक्कम चैनीची वाटली असती. सुटीत स्पेनला जाण्याची सवय जडलेल्या फ्रेंच मध्यमवर्गाने मात्र आकांत केला.

येथून धोरण पालटले. १९८६ मध्ये आणखी एक अवमूल्यन झाले, जानेवारी १९८७ मध्ये मार्क ३ टक्क्यांनी वर गेला आणि दर ३.३५३८६ वर आला. तो तेथेच थांबला. डावे असोत वा उजवे, प्रत्येक फ्रेंच सरकारने ‘बळकट फ्रँक’ हे ब्रीद मानले. अर्थमंत्री बेरेगोव्हा हे रेल्वे व कापड उद्योगात काम करून वर आलेले समाजवादी. त्यांनीच या धोरणाचा सर्वांत निष्ठेने पाठपुरावा केला. महागाई उतरली, इतकी की १९९१ नंतर ती जर्मनीपेक्षाही कमी होती. जर्मन माल फ्रेंच मालाच्या मानाने वर्षानुवर्षे महाग होऊ नये म्हणून पूर्वी फ्रँक झुकत असे. आता फ्रान्समधील वेतनांना झुकावे लागले. आणि वेतने सहजी झुकत नाहीत. ती झुकतात ती कारखान्याच्या दारापाशी बेकारांची रांग लांबल्यावर. ही रांग १९९३ मध्ये ३० लाखांच्या वर गेली आणि त्या दशकाच्या मध्याला फ्रान्समधील बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांच्या वरच राहिले. नव्याने काम शोधणाऱ्या तरुणांत ते कितीतरी अधिक होते.

वाचकांपैकी बरेचजण प्रस्तुत लेखकाप्रमाणेच महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक पगार घेणारे असतील. आपल्याला कणखर चलन आवडावे हे स्वाभाविक आहे. आपली नोकरी जात नाही आणि आपली बचत टिकते. परंतु आपल्याला जे सोयीचे ते राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे, असे म्हणताना थोडा संकोच वाटला पाहिजे. १९८३ चा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. १३ टक्क्यांच्या भाववाढीने अवमूल्यनाचाही उपयोग राहिला नव्हता. प्रत्येक अवमूल्यनामागोमाग वेतने तितकीच वाढली तर औषध आणि रोग यांची निव्वळ शर्यत लागते. मात्र १९९० नंतर तोच दर धरून ठेवण्याचा अट्टहास मला समर्थनीय वाटत नाही.

कारण १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले. पूर्व जर्मनीच्या मार्कला वेतनासाठी एकास एक असा उदार भाव मिळाला, पूर्वेकडे अमाप खर्च झाला आणि भाववाढीच्या भयाने बुंडेसबँकेने जुलै १९९२ मध्ये आपला सवलतीचा व्याजदर ८.७५ टक्क्यांवर नेला. लग्न जर्मनीच्या घरचे. मांडवाचा खर्च शेजाऱ्यांच्या माथी. मार्कशी बांधलेल्या प्रत्येक देशाला तेवढेच महाग व्याज लावणे भाग पडले. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंड व्यवस्थेबाहेर फेकला गेला, पाठोपाठ लिराही गेला. फ्रँक वाचला तो बुंडेसबँकेने उघड पाठिंबा दिल्यामुळे, आणि त्याच आठवड्यातील सार्वमतात फ्रेंच जनतेने मास्ट्रिख्ट कराराला ५१ टक्क्यांचा काठावरचा कौल दिल्यामुळे. पण त्यासाठी १९९३ च्या प्रारंभी फ्रान्समध्ये अल्पमुदतीचे व्याज १० टक्क्यांच्या वर आणि भाववाढ जेमतेम २ टक्के, अशी विपरीत अवस्था सोसावी लागली. ज्या देशाची महागाई जर्मनीहून कमी त्याचे व्याज जर्मनीहून जास्त! छोट्या कारखानदाराने अशा व्याजाने भांडवल काढून धंदा कसा करावा? अखेर ऑगस्ट १९९३ मध्ये सट्टेबाजांनी पुन्हा हल्ला चढवला तेव्हा सव्वादोन टक्क्यांची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. दोरी सैल होऊनही फ्रँक फारसा घसरला नाही, ही गोष्ट धोरणाचे समर्थक अभिमानाने सांगतात. तो घसरला नाही, कारण व्याज फार उतरू दिले गेले नाही.

३१ डिसेंबर १९९८ रोजी युरोचे कायमचे दर जाहीर झाले: ६.५५९५७ फ्रँक, १.९५५८३ मार्क. एकाला दुसऱ्याने भागले तर ३.३५३८६ येतात, म्हणजे १९८७ चाच आकडा शेवटच्या दशांशापर्यंत.

यानंतर दर उरला नाही, म्हणून भांडण मिटले असे मात्र झाले नाही. २००० नंतरच्या दशकात जर्मनीने वेतने कित्येक वर्षे जवळजवळ जागच्या जागी ठेवली. फ्रान्समध्ये ती नेहमीच्या गतीने वाढत राहिली. जुन्या काळी अशा वेळी मार्क वर गेला असता आणि दोनचार मंत्री ब्रुसेल्समध्ये रात्रभर जागले असते. आता तसे काही घडले नाही. जर्मनीचे परदेशांशी असलेल्या व्यवहारातील आधिक्य २०१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या वर गेले, आणि शतकाच्या प्रारंभी शिलकीत असलेला फ्रान्स तुटीत आला. फ्रेंच कारखाने हलके हलके बंद पडत गेले. जून २०२४ मध्ये फ्रेंच संसद अकस्मात विसर्जित झाली तेव्हा दोन देशांच्या दहा वर्षे मुदतीच्या कर्जरोख्यांच्या व्याजातील अंतर अर्ध्या टक्क्यावरून पाऊण टक्क्याच्या पलीकडे गेले. पूर्वी जे हुंडणावळीत दिसे ते आता तेथे दिसते. फक्त रोख्यांचे व्याज पाहणारे लोक थोडे, आणि ते भरणारा करदाता ते पाहत नाही.

या दोन चलनांची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. जर्मनीत आजही कोणाच्या आजीच्या पेटीत मार्कच्या नोटा सापडल्या तर बुंडेसबँक त्या १.९५५८३ या दराने बदलून देते. त्याला मुदत नाही. फ्रान्सच्या बँकेने फ्रँकच्या शेवटच्या नोटा घेणे १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बंद केले.